बर्फाखालचा तिसरा सिग्नल

ऋजुता माझी मावसबहीण. थापा मारणाऱ्यातली नाही, म्हणून तर हे लिहायला बसलो.

फेब्रुवारी २००७. स्कॉटलंडमधले केर्नगॉर्म डोंगर. भर दुपार.

ऋजुता आणि तिचा नवरा गिरीश, दोघंही इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला आयटीत. स्कीइंगचं वेड. तेही लिफ्टनं नाही... स्वतः चढायचं आणि कोऱ्या बर्फावरून उतरायचं. त्या दिवशी हिमनदीनं कधीकाळी कोरलेल्या एका दरीत ते उतरत होते. आसपास चिटपाखरू नव्हतं.

"मी पुढे होतो. हाक मारली की ये," म्हणून गिरीश सुटला.

आणि... धप्प.

अख्खा उतार घसरला.

धुरळा बसला. गिरीश कुठेच नव्हता.

दोघांच्या छातीवर ट्रान्सीव्हर होते. एक जण गाडला गेला, तर त्याचा सिग्नल दुसऱ्याला सापडतो. ऋजुतानं आपला शोधायला लावला.

बीप... बीप...

स्क्रीनवर अंतर आलं. वीस मीटर. सहा. मग ०.९.

"आले रे! आलेच!" ती फावड्यानं खणत सुटली. बर्फ संपला.

खाली गवत. गवताखाली खडक.

बीप मात्र चालूच...

"ऋजुता!"

तिनं मान वर केली. गिरीश कड्याच्या बाजूनं धापा टाकत येत होता. धडधाकट. बर्फाचा लोट त्याच्या मागून गेला होता.

ती त्याला बिलगून रडली. मग म्हणाली, "तुझं मशीन बंद कर."

त्यानं केलं.

बीप... बीप...

"अगं, खाली कोणीतरी आहे!"

"खाली दगड आहे, गिरीश."

०.७.

दोघंही जागचे हलले नव्हते.

०.४.

०.२...

मग आवाज थांबला.

वारासुद्धा.

ते पळाले. कार पार्कपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. तिथून माउंटन रेस्क्यूला फोन केला.

तासाभरात टीम कुत्रा घेऊन गेली. सगळा उतार पालथा घातला. काही नाही. त्या भागातून कुणी बेपत्ताही नव्हतं.

गिरीश म्हणतो, मशीन बिघडलं असेल. या विषयावर तो एवढंच बोलतो.

ऋजुताला मी एकदाच विचारलं होतं.

"आकडा कमी होत होता रे," ती म्हणाली. "कुणीतरी वर येत होतं. आणि आम्ही त्याला तिथेच टाकून आलो."