साक्षीदाराचा रकाना

पहिली खटकलेली गोष्ट अगदी एवढीशी होती. खुर्ची कोमट लागली.

बसमध्ये आपण सीटवर टेकतो आणि आधीचा माणूस नुकताच उठून गेलेला असतो, तेव्हा लागते ना, तशी. पण ती खोली दोन दिवस बंद होती. रेकॉर्डकीपरने तिच्यासमोर सील फोडून दार उघडलं होतं.

हसू नका रे. कोणाला उठून जायचं असेल तर आत्ताच जा. मध्येच उठलात तर मी पुन्हा पहिल्यापासून सांगणार नाही. आणि ही कुठून कानावर आलेली गोष्ट नव्हे. जिच्यावर ती गुदरली ती माझ्या थोरल्या साडूंची नात. घरात तिला सगळे चिमणी म्हणतात. कॉलेज झालेली, इंग्रजी पत्रं फाडफाड लिहिणारी, पण दाराची बेल वाजली तरी हातातली बशी सुटायची. तिला मागून हाक मारायची नाही, हा त्या घरातला अलिखित नियम.

तारीख हवी असेल तर तीही घ्या. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, सत्तावीस तारीख, गुरुवार. संध्याकाळी सहालाच बाहेर मिट्ट झालेलं.

काम तसं साधं होतं. कागदावरची एक चूक दुरुस्त करायची. साडू तरुणपणी सैन्यात होते. एका लढाईत त्यांच्या तुकडीतल्या बारा जणांनी एक पूल रात्रभर राखला. पुलाच्या पलीकडच्या टोकाला एक जण पहाऱ्यावर असायचा आणि दर दोन तासांनी माणूस बदलायचा. रात्री दोन वाजता साडू तिथे पोचले. तिथे लंब्या म्हणून त्यांच्या दोस्ताची पाळी होती, त्याला पहाऱ्यावरून सोडवायला. बघतात तर लंब्या गोळी लागून पडलेला. साडूंनी त्याची जागा घेतली आणि उजाडेपर्यंत हलले नाहीत. पूल राहिला. लंब्याच्या घरी तार गेली. पुढे त्या रात्रीचं पदक आलं, बाकीच्या दहा जणांच्या छातीवर लागलं, आणि साडूंच्या सेवापुस्तकात पदकाचा रकाना कोराच राहिला.

कोरा रकाना म्हणजे नुसता कागद नसतो. जुन्या सैनिकांचं दरवर्षी संमेलन भरायचं. तिथे एकदा दुसऱ्या तुकडीतला एक जण जेवताना थट्टेत म्हणाला, काही जणांचे पाय बंदुकीपेक्षा जोरात चालतात. साडू ताटावरून उठले ते पुन्हा संमेलनाला गेले नाहीत. दोस्त म्हणायचे, अर्ज कर, आम्ही दहा जण सह्या देतो. हे म्हणायचे, मी मागायला जाणार नाही, त्यांची चूक त्यांनी शोधावी. मानी माणूस. मानापायी पन्नास वर्षं गेली, आणि सह्या देणारे दहाही एकेक करून गेले.

मग छाती भरली. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. डॉक्टर महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांची भाषा बोलायला लागले. तेव्हा एका दुपारी साडूंनी चिमणीला जवळ बोलावलं आणि म्हणाले, पोरी, पळून गेलेला म्हणून मला मरायचं नाही.

तिने अर्ज केला. तीनदा परत आला. पहिल्यांदा म्हणाले, त्या रात्रीची मूळ हजेरी शोधा. दुसऱ्यांदा म्हणाले, साक्षीदार त्याच हजेरीतला हवा, आणि त्याच्या ओळीवर तांबडी रेघ नको. तिसऱ्यांदा तर खिडकीवरचा बाबू डोळे वर न करता विचारता झाला, इतकी वर्षं कुठे होतात? चिमणी घरी येऊन रडली. आणि वर ही बातमी, की शुक्रवारी सकाळी दहाला जुन्या हजेऱ्या कायमच्या सीलबंद होणार. त्यानंतर दुरुस्ती नाही. म्हणजे हातात उरली ती गुरुवारची संध्याकाळ.

तर ती कोमट खुर्ची. तिने मनाची समजूत घातली, की खाली बॉयलरचा पाइप असेल.

खोली सैन्याच्या रेकॉर्ड कचेरीच्या तळघरात. खिडकी नाही, वर छताशी हातभर रुंदीचा झरोका. दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्यांच्या वीस रांगा. वीज वाचवायला प्रत्येक रांगेच्या तोंडाशी भिंतीवर एक गोल खटका. तो फिरवला की टिकटिक करत दहा मिनिटं त्या रांगेत दिवा. मग खट्ट. अंधार. पुन्हा फिरवा.

रेकॉर्डकीपर भला माणूस, पण त्याला घरून फोन आला. तो म्हणाला, ताई, साडेसहापर्यंत बघा, निघताना दार ओढून घ्या. आणि गेला.

सहा वाजून दहा मिनिटांनी नवव्या रांगेत तिला हजेरी सापडली. कापडी बांधणीची, कोपरे झिजलेली. ती रांगेच्या तोंडाशी असलेल्या टेबलावर आणून तिने पान उघडलं. बारा ओळी. अकराव्या ओळीत लंब्या, बाराव्या ओळीत आजोबा. आणि बघताबघता तिला सगळं उमगलं.

ती हजेरी दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्यातरी दमलेल्या कारकुनाने पुरी केली असणार. जो मेला त्याच्या ओळीवर पट्टी ठेवून तांबडी रेघ मारायची, ही पद्धत. कारकुनाची पट्टी एक ओळ खाली सरकली. रेघ बसली आजोबांच्या नावावर. लंब्यापुढे लिहिलं होतं ‘पहाऱ्यावर हजर’. रेघ ज्याच्यावर, त्याचं पदक मेलेल्यांच्या यादीतून यायचं. त्या यादीत आजोबा कसे असणार? ते तर दुसऱ्या दिवशी छावणीत चहा पीत होते. दोन याद्यांच्या फटीत माणूस पडला आणि पन्नास वर्षं कोणी वाकून बघितलं नाही.

चिमणीला हसूही आलं आणि रडूही. तिने फोनवर पानाचा फोटो काढला. मग अर्ज काढून हजेरीशेजारी ठेवला आणि तिचा चेहरा उतरला. साक्षीदाराचा रकाना. मूळ नोंद मिळाली, पण सही कोणाची आणणार? बारा जणांतले आजोबा सोडून सगळे गेलेले.

तेवढ्यात खट्ट. दिवा गेला.

त्याच अंधारात तिला दाराचं कुलूप फिरल्याचा आवाज आला.

कोणीतरी वरून डोकावलं असणार, आत अंधार दिसला, सगळे गेले असं समजून कुलूप लावलं. इतकं सरळ. ती ओरडत धावली. दोन्ही मुठींनी दार बडवलं. जिन्यावरची पावलं वर वर गेली. मग तीही नाहीत. लोखंडी दार, आतून कडी नाही, मूठ नाही. नुसतं सपाट.

तिने फोन काढला. रेंज नाही. तासभर ती फोन उंच धरून रांगांतून फिरली. स्टुलावर चढून झरोक्याशी हात नेला तेव्हा एक काडी आली. तिने घरी लावला. वडील कारखान्यात पाळीवर, म्हणून आईला. रिंग वाजत राहिली. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. आई आजोबांच्या उशाशी बसलेली असते, फोन हातभर अंतरावर असतो. आई फोन उचलत नाही असं होतच नाही...

दाराची भीती मागे पडली. आजोबांना काही झालं असेल तर?

तिने तिसऱ्यांदा लावला. आणि रिंग वाजत असतानाच तिला दुसरा आवाज ऐकू आला.

टिकटिक. टिकटिक.

तिच्या रांगेतली नव्हे. पलीकडे, सतराव्या रांगेतली. तिथे दिवा लागला होता.

खटका आपोआप फिरत नाही, पोरांनो. तो हाताने फिरवावा लागतो.

ती हळूच स्टुलावरून उतरली. वाटलं, शिपाई असेल, मागे झोपला असेल. तिने विचारलं, कोण आहे? टिकटिक. मग सतराव्या रांगेचा दिवा गेला... आणि पंधराव्या रांगेचा लागला.

तेरावी.

अकरावी.

मागे दार. पुढे तो उजेड. जायला जागा नाही. ती टेबलाला पाठ लावून उभी राहिली. अकराव्या रांगेतून एक सावली बाहेर आली आणि जमिनीवरून तिच्या चपलांपर्यंत पोचली. लांबच लांब. दिवा तर छताला होता. डोक्यावरच्या दिव्याची सावली एवढी लांब कशी पडेल?

“सोडवायला आलात?”

आवाज पोरसवदा होता. विशी-बाविशीतला. फार थकलेला.

चिमणीला वाटलं, आला, वॉचमन आला. ती घाईघाईने म्हणाली, “अहो, मीच अडकलेय. बाहेरून कुलूप लागलंय.”



“...मीही.”

टिकटिक.

“दोन वाजले का?”

तिने मनगटाकडे बघितलं. पावणेआठ. ते तिने सांगितलं. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

“दोनला सुटका आहे माझी. माणूस आल्याशिवाय जागा सोडता येत नाही...”

तेव्हा तिला कळलं. टेबलावर उघडं पडलेलं पान. अकरावी ओळ, लंब्याची. पहाऱ्यावर हजर. रेघ नाही. पन्नास वर्षं त्याला कोणी सोडवलंच नव्हतं.

सावली थोडी पुढे सरकली.

“तुम्ही उभ्या राहता का... थोडा वेळ? मी जाऊन येतो.”

किती साधं विचारलं. रांगेत उभं असताना आपण शेजारच्याला विचारतो, तितकं साधं. पण चिमणीने हो म्हटलं नाही. कारण हो म्हटलं, की आपण इथे राहणार. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. गप्प राहिलं तरी तो उभाच राहणार. ती पण.

दचकणारी पोर. पण बघा हं. तिने डोळे मिटले, मागे हात नेऊन हजेरी चाचपडली, छातीशी धरली आणि बोलायला लागली. इथे लिहिलंय ते चुकीचं आहे. रेघ एक ओळ खाली पडली. दोन वाजता माणूस आला होता, वेळेवर आला होता, तो माझा आजोबा. तुम्ही त्याच्या आधीच...



टिकटिक.

टिकटिक.

“तुमचा पहारा त्याच रात्री संपला,” ती म्हणाली. “त्यांनी घेतला. उजाडेपर्यंत.”

खट्ट.

दिवा गेला.

अंधारात ती आकडे मोजत राहिली. कोणी चाललं नाही. फक्त तिच्या पाठीमागे, टेबलाच्या त्या बाजूने, आवाज आला. बारीक. कागदावर टाक चालल्यासारखा. खर... खर... खर. मग तोही थांबला. खुर्ची किंचित करकरली.

शंभरपर्यंत मोजून तिने नवव्या रांगेचा खटका फिरवला.

अर्जावर साक्षीदाराच्या रकान्यात सही होती. खाली सैनिक क्रमांक. निळी-काळी शाई, अजून ओली. त्या खोलीत शाई न्यायला मुळात बंदी; तिचं स्वतःचं पेन वरच्या पेटीत जमा होतं, हातात फक्त शिसपेन्सिल.

तो अर्ज मी पाहिलाय. माझ्या या डोळ्यांनी. कागदाच्या पाठीवर शाई उमटली आहे. दुसऱ्या दिवशी दहाच्या आधी कचेरीतल्या साहेबांनी क्रमांक हजेरीशी ताडून पाहिला. जुळला. ओळीवर तांबडी रेघ नव्हती, म्हणजे कागदाच्या दृष्टीने साक्षीदार हयात. त्यांनी शिक्का मारला, आजोबांच्या ओळीवरची रेघ रद्द केली, पदक नोंदवलं, आणि रीतीप्रमाणे वरच्या, लंब्याच्या ओळीवर पट्टी ठेवून रेघ ओढली. सही कोणी केली, ते ना साहेबांना सांगता येतं, ना मला. लंब्याच्या घरी त्याची जुनी पत्रं आहेत. ती मी मुद्दाम जाऊन बघितली. अक्षर... जाऊ दे.

पण हे सगळं दुसऱ्या दिवशीचं. वॉचमनने दार उघडलं तेसुद्धा रात्री नऊ वाजता. मी सांगतोय ती वेळ त्याच्या आधीची. आठला पाच कमी. पोर त्या ओल्या सहीसमोर एकटी उभी आहे, आणि आईने अजून फोन उचललेला नाही. सही मिळाली, पण ती ज्याच्यासाठी, तो आहे की नाही हेच तिला ठाऊक नाही.

ती पुन्हा स्टुलावर चढली. फोन झरोक्याशी धरला, स्पीकर लावला.

रिंग वाजली. पाच. सहा. सात.

उचलला.

पलीकडे आई नव्हती. यंत्राची घरघर नव्हती. नुसता श्वास. संथ, मोकळा. गेल्या कित्येक महिन्यांत तिने तसा ऐकला नव्हता.

“चिमणे,” आजोबा म्हणाले, “गेला का गं लंब्या घरी?”