मंजुळाबाईचं खोटं

"बाळ राहिलं नाही, काका," वसमतच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा सोनाजी हातात शहाळ्याची पिशवी धरून दारातच उभा होता. पहिलटकरीण लेक प्रियंका भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडली होती. मंजुळाबाई असती तर तिनं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं असतं... पण बायको जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि सोनाजीला लेकीची चादरसुद्धा नीट करता येईना.

"पडली का कुठं? जड उचललं का?"

"तुमच्या लेकीलाच विचारा," बाई म्हणाल्या. "मी जावयाला बजावलं होतं, तिच्याजवळ जायचं नाही म्हणून."

बापानं ऐकायची गोष्ट होती का ही! सोनाजीनं मान खाली घातली. तेवढ्यात भिंतीकडूनच आवाज आला, "मी हात जोडले, बाबा... न्हाई म्हणले, रडले... त्यांनी तोंड दाबलं माझं. आजचं न्हाई हे. लग्न झाल्यापासून हेच चालू हाय."

दवाखान्यातून सुटका झाली तशी प्रियंका बापाला घेऊन सरळ पोलीस ठाण्यात गेली. जमादार भला माणूस होता, त्यानं चहा मागवला. आणि सोनाजीला चीड आली ती त्याच्या भलेपणाचीच.

"मारलं का, ताई?"

"हात पिरगाळले. तोंड दाबलं."

"लिहितो. हुंडा मागितला?"

"न्हाई."

"मागितला असंल की! मोटारसायकल, एखादा तोळा... आठवून बघा."

"न्हाई मागितला. काय झालं ते मी सांगितलं तुमाला."

जमादारानं पेन खाली ठेवलं. "पण त्याला कलम कोणतं लावू?"

"नवा कायदा आला म्हणतात ना?" सोनाजी म्हणाला.

"आला की, काका! पण नवऱ्यानं बायकोवर केलं तर तो बलात्कार न्हाई, हे जुन्यात व्हतं तसंच नव्यातबी ठेवलंय. छळाचं कलम हाय, ते लावतो. त्यात हुंडा टाकला की केस पक्की. सगळेच टाकतात."

प्रियंका उठून बाहेर गेली. सोनाजी तिच्या मागं तणतणत निघाला. कायदा आडवा, जमादार आडवा, आणि आता पोटची पोरगीही आडवी!

"म्हण की हुंडा मागितला, अन् हो मोकळी! काहून अडून बसली?"

"बाबा..." ती लिंबाखाली थांबली. "मायबी माझ्यासाठी असंच खोटं बोलली व्हती. धोंड्याच्या महिन्यात."

तो दिवस सोनाजी कसा विसरेल! अधिक महिना, जावई सोमेश्वर पहिल्यांदाच धोंडे खायला आलेला. पुरण झालेलं, नवे कपडे आणलेले, ओसरीत लेक-जावयासाठी जोडीचे पाट मांडलेले. आणि ऐनवेळी मंजुळाबाईनं आतून सांगितलं, पोरगी बाहेर बसली, पाच दिवस कुणी शिवायचं नाही. जावई पाटावर एकटाच बसला. भावकी तोंडाला पदर लावून हसली. सोनाजीनं सगळ्यांदेखत बायकोला झापलं, "लेकीच्या तारखा ठाऊक न्हाईत, कसली माय तू!" महिना सरला तरी तो तिच्याशी धड बोलला नाही. आणि तिनं एक शब्द उलट काढला नाही!

"मी बाहेर बसलेच नव्हते," प्रियंका म्हणाली. "रातच्याला त्यांच्या खोलीत मला पाठवू नको म्हणून तिच्या पाया पडले व्हते. ती म्हणली, नवऱ्याला 'न्हाई' कळत न्हाई बाई, विटाळ कळतो. मग मी माहेरी आले अन् ते मागं आले, की ती दरवेळी तेच सांगायची. तेवढेच पाच दिवस मी झोपायचे..."

"मला काहून न्हाई सांगितलं तिनं?"

"तुमी म्हणले असते, नवरा हाय."

म्हणालाच असता! हे सोनाजीला लख्ख ठाऊक होतं. देवाला भिणारी, सोवळं-ओवळं सांभाळणारी बाई... लेकीसाठी धोंड्याच्या दिवशी विटाळाचं खोटं बोलली, भावकीत हसं करून घेतलं, नवऱ्याचा अबोला गिळला!

"आता माय न्हाई," प्रियंका म्हणाली. "हुंडा लिहिला तर उद्या तो कोर्टात म्हणल, मी मागितलाच न्हाई. अन् ते खरं असंल, बाबा! मग त्यानं केलं ते कुठं लिहायचं?"

सोनाजीनं डोळे पुसले आणि लेकीचा हात धरून तो परत आत गेला.

"लिहा, साहेब. ती म्हणते तसं लिहा. बलात्कार लिहा." हा शब्द त्यानं जन्मात कधी तोंडातून काढला नव्हता.

"काका, कलम..."

"कलम तुमचं तुमी बघा. शब्द तिचे लिहा."

त्यानंतर चुलतभाऊ समजूत घालून गेले, व्याही माणसं घेऊन आले, "नवरा-बायकोत असं होतंच," म्हणाले. सोनाजीनं चहा पाजला, पोरीला धाडलं नाही. वसमतच्या शिलाताई कायदा बदलावा म्हणून सह्या गोळा करत होत्या. तो लेकीला घेऊन त्यांच्याबरोबर जावयाच्याच गावच्या, डोंगरकड्याच्या बाजारात जाऊन बसला.

"सोनाजीराव," एकानं टोमणा मारला, "आता बायकोजवळ जायला बी अर्ज करायचा का?"

"अर्ज नको, तोंडानं इचार. बैलाला मारून मुटकून पाणी पाजतो का तू?"

"काका, बायको बैल न्हाई," शिलाताई म्हणाल्या.

"व्हय, बराबर," सोनाजी ओशाळला. "पण याला तेवढं तरी कळू द्या!"

टोमणेवाला सही न करताच गेला. त्याच्या मागं उभी असलेली त्याची बायको मात्र थांबली, आणि तिनं अंगठा पुढं केला. प्रियंकानं त्या अंगठ्याला शाई लावली. सोनाजी बघत राहिला. बापलेकीत आता लपवायला काही उरलं नव्हतं. फक्त ज्या बाईची माफी मागायची, ती ऐकायला नव्हती.

सोमेश्वरवर छळाचं कलम लागलं आणि तो जामिनावर सुटला. नवऱ्याला दिलेली ही सूट काढावी म्हणून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जांचा निकाल लागलेला नाही. प्रियंकाच्या जबाबातल्या त्या एका शब्दाला लावायला कलम अजून नाही.