मैनाबाईचे लेकरू

चेतन सोरते आपल्या नागपूरच्या तांडापेठेतलाच. लकडगंजातल्या वखारीकडे सकाळी डबा घेऊन जाताना तुम्ही त्याला पाहत असाल. ही हकिगत त्याने स्वतः सांगितली, एकदाच, आणि पुन्हा विचारू नका असे बजावून. तेव्हा तुम्हीही त्याला विचारू नका.

गेल्या वर्षीची पौष अमावास्या, वार बुधवार. सकाळी धुके विरल्यावर चेतनने मोटारसायकल काढली आणि तो पारशिवनीच्या वाटेला लागला. काम साधे होते. घराण्याची वंशावळ पाहायची होती.

साधे म्हणायचे ते पाहणाऱ्याने. त्याची नऊ वर्षांची एकुलती मुलगी भैरवी धंतोलीतल्या एका इस्पितळात पडून होती. हाडांतली मज्जा रक्त तयार करीनाशी झाली होती. दुसऱ्या कुणाची जुळणारी मज्जा मिळाली तरच ती वाचणार होती. आईची जुळली नाही, बापाची जुळली नाही. चुलते झाले, मावश्या झाल्या, लांबून लांबून नाते सांगणारेही झाले. शेवटी डॉक्टरांनी चेतनला बाजूला घेऊन विचारले, ‘‘रक्ताच्या नात्यात आणखी कुणी? दूरचे का असेना. आशा थोडी आहे, पण शोधा.’’

कोष्ट्यांच्या घराण्यांच्या पिढ्या लिहून ठेवणारे भाट पूर्वी दर दोन-तीन वर्षांनी दारी येत. सोरत्यांचा भाट पारशिवनीजवळच्या एका खेड्यात राहतो, एवढे चेतनला ठाऊक होते. बळीराम त्याचे नाव. त्याने अंगणातच सतरंजी टाकली, मांडीवर वही उघडली आणि मोडीतल्या ओळींवरून तो बराच वेळ बोट फिरवीत राहिला.

‘‘एक फांदी हाय,’’ तो अखेर म्हणाला. ‘‘पण तिच्याबद्दल तुमच्या घरानं कधी इचारलंच नाही. तुमच्या पणज्याची बहीण. मैनाबाई.’’

‘‘हे नाव मी आज ऐकून राहिलो.’’

‘‘कसं ऐकाल गा? घराबाहेर काढली होती तिले. नवरा नव्हता, अन् पोट दिसाले लागलं.’’

‘‘पुढं काय झालं तिचं?’’

मोडीत शब्दाशब्दांत जागा सोडत नाहीत. विरामचिन्हे नसतात. लिहिणाऱ्याचा हात वर न उचलता धावत असतो, आणि कुठे तोडायचे, कुठे जोडायचे, हे वाचणाऱ्याने ठरवायचे असते. बळीरामने सावकाश वाचले, ‘‘मैनाबाई तिचे लेकरू निनावे मुक्काम उमरेड.’’

‘‘निनावे,’’ चेतन म्हणाला. ‘‘म्हणजे उमरेडच्या निनाव्यांत नांदली. लेकराले त्याईचं आडनाव लागलं.’’

बळीरामलाही ते पटले. निनावे हे कोष्ट्यांत घरोघरचे आडनाव. ‘‘उमरेडले डोळे मिटून गोटा फेका, निनाव्याच्याच घराच्या कवेलूवर पडते,’’ म्हणून तो हसला. कित्येक दिवसांत चेतनही पहिल्यांदाच हसला. दुसऱ्या कुठल्या जातीतला माणूस त्या ओळीपाशी क्षणभर थांबला असता. हे दोघे थांबले नाहीत.

दुपारी तो उमरेडला पोचला. दारोदार फिरला. एका ओट्यावर बसलेल्या म्हातारीने विचारले, ‘‘मत मागाले आला काय गा?’’

‘‘नाही माय. रक्त मागाले.’’

म्हातारीने आत जाऊन पाणी आणले. एकाने तोंडावर दार लावून घेतले. एका तरुणाने बाही वर सारून हात पुढे केला. ‘‘माझं तपासा, ना नाही. पण आमच्यात मैनाबाई कोणी झाली नाही, दादा.’’ चेतनने त्याचा फोन क्रमांक लिहून घेतला आणि पुढचे दार वाजवले. निनाव्यांची घरे सरली. दिवसही सरला.

बसस्थानकाजवळ त्याला सोनिकाचा, त्याच्या बायकोचा, फोन आला.

‘‘ताप उतरून नाही राहिला. डॉक्टर म्हणते, आजची रात्र कठीण आहे. तुम्ही या.’’

‘‘एक घर राहिलं आहे.’’

‘‘अहो, सारखी बाबा बाबा करून राहिली ती.’’

‘‘आलोच,’’ तो म्हणाला. एकही घर राहिलेले नव्हते.

नागपूरच्या रस्त्याला लागला तेव्हा पुरता अंधार पडला होता. वस्ती मागे पडली. डाव्या हाताला तळ्याच्या पाळीकडे, बांधावर जाणारी एक पायवाट होती आणि त्या बाजूने आवाज येत होता. खट... खट... खट... हातमागाचा. हा आवाज कोष्ट्याच्या पोराला झोपेतही ओळखता येतो. उमरेडमध्ये आता माग उरले ते बोटांवर मोजण्याइतके. आपल्याला हे घर कुणी कसे सांगितले नाही, असे मनाशी म्हणत त्याने गाडी वळवली.

एकच घर. दारात दिवा. उंबऱ्याशी एक बाई बसली होती, फार तर पंचविशीची. एवढ्या थंडीत अंगावर नुसते लुगडे. तिच्या हातात पाळण्याची दोरी होती. पाळणा आत, अंधारात होता.

‘‘कोणाले शोधून राहिले?’’

‘‘निनावे.’’

बाईने पाळण्याला एक झोका दिला. मग म्हणाली, ‘‘इथंच.’’

‘‘मैनाबाईचे?’’

‘‘हो.’’

चेतन तिथेच मातीत बसला. ‘‘मी सोरत्यांच्या घरचा,’’ तो म्हणाला. ‘‘माझी पोरगी मरून राहिली, बाई. तुमचं-आमचं रक्त एकच आहे. नाही म्हणू नका. तुमच्या घरचं कोणीही चालन. मी पाया पडतो.’’

‘‘सोरत्याचा?’’ तिने प्रथमच मान वर केली. ‘‘मंग माहेरचं माणूस आलं म्हणा. लय उशीर केला गा.’’

‘‘मले माहीतच नव्हतं.’’

‘‘कोणालेच माहीत नसते.’’ दोरी हलत होती. ‘‘पोरीले रक्त भेटन तुह्या. पण पयले मामाघरचं काम कर.’’

‘‘सांगा. काय लागते ते सांगा.’’

‘‘बारसं. बारसं राहिलं माह्या लेकीचं. नाव माहेरून यावं लागते. मी वाट पाह्यली. कोणी आलंच नाही.’’

बाई जरा भ्रमिष्ट असावी, असे चेतनला वाटून गेले. पण त्या घटकेला तिने विहिरीत उडी मार म्हटले असते तरी त्याने विहीर कुठे आहे एवढेच विचारले असते.

‘‘कोणतं नाव ठेवू?’’

‘‘तुले जिवाहून आवडते ते.’’

तीन आठवडे त्याच्या तोंडी दुसरा शब्द नव्हता. विचार करायला अवकाशच नव्हता.

‘‘भैरवी,’’ तो म्हणाला.

बाई उठली. आत गेली. पाळण्यावर वाकली आणि बाळाच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. बारशाला बायका करतात तसे.

आणि मग आतून आवाज आला.

कुर्रर्र...

एकीचा नव्हे. पुष्कळ बायकांचा.

चेतनने आत डोकावले. बाई एकटीच होती. खोलीत माग नव्हता. खटखट केव्हा थांबली ते त्याला कळले नव्हते.

खिशात फोन वाजला. त्याने तो कसाबसा कानाला लावला.

‘‘चेतनभाऊ, बळीराम बोलतो. कुठं आहा? चूक झाली गा आपली. मी आमच्या बुढ्याले इचारलं. ते आडनाव नोहे.’’

चेतनने पाळण्याकडे पाहिले.

‘‘लेकरूच निनावं. नाव न ठेवलेलं. बारा दिवसांच्या आतच गेलं. मायही त्याच रात्री गेली, तळ्याच्या पाळीवर. पुढं कोणीच नाही, भाऊ. उगाच लोकाईची दारं वाजवू नका... हॅलो? चेतनभाऊ?’’

त्याने फोन खाली केला. पाळणा हलत होता. बाईने त्याच्याकडे पाहिले नाही.

‘‘जाय आता. सोनिका वाट पाहून राहिली.’’

हे नाव त्याने तिला सांगितले नव्हते.

‘‘बाई...’’ तो म्हणाला. ‘‘ते नाव... दुसरं कोणतं...’’

‘‘देल्लं नाव कोणी परत नेते काय?’’ ती हलकेच म्हणाली. ‘‘तू तं मामा आहे तिचा.’’

मुलगी वाचली. तुमचा जीव टांगणीला नको म्हणून आधीच सांगतो. कुणाचीही मज्जा द्यावी लागली नाही. महिन्याभरात तिचे रक्त तिचे तिलाच होऊ लागले. क्वचित असे आपोआप होते, असे डॉक्टर म्हणाले आणि दुसऱ्या खाटेकडे वळले. आता ती शाळेत जाते, सायकल चालवते. घरात तिला सगळे ‘बाई’ म्हणतात. फक्त बाई.

पण मला सांगायचे आहे ते त्या रात्रीचे. चेतन धंतोलीला पोचला. जिने धावत चढला. खोलीचे दार लोटले. मुलगी उशीला टेकून बसली होती. सोनिका तिला चमच्याने भाताची पेज भरवत होती आणि डोळे पुसत होती.

‘‘तासाभरापूर्वी एकदम घाम आला अन् ताप उतरला,’’ ती म्हणाली. ‘‘हाक मारा तिले.’’

‘‘भैरवी,’’ चेतन म्हणाला.

मुलीने पेज गिळली. चमच्याकडे पाहत राहिली.

‘‘भैरवी, बाळा...’’

‘‘अवं, बाबा बोलावून राहिले तुले,’’ सोनिका म्हणाली.

तेव्हा तिने मान वळवली. बापाला ओळखून हसली. मग खोलीत आणखी कुणी आहे का, हे पाहावे तशी तिची नजर भिंतींवरून फिरली.

‘‘भैरवी कोण, बाबा?’’

सोनिकाचा चमचा हवेत राहिला. चेतनला वाटले, ताप डोक्यात गेला असेल. असेच असेल. असेच असू दे. त्याने पुन्हा हाक मारली. या वेळी मोठ्याने. जरा जास्तच मोठ्याने.

मुलगी चमच्याकडे वळली.

दाराबाहेर इस्पितळाचा लांबच लांब रिकामा व्हरांडा. दिवे लागलेले. कुणी नाही.

आणि व्हरांड्याच्या पार टोकाकडून, उड्या मारत येणाऱ्या लहान अनवाणी पावलांच्या आवाजासह, उत्तर आले...

‘‘आली, मामा.’’