लॅमिनेट केलेल्या एकसष्ट गोष्टी

तीन प्रती आहेत, तरी एकही गोष्ट वाचता येत नाही, असं कसं होईल?

हे कोडं देवरुखच्या स्वानंदीला २०५८ सालच्या एका बुधवारी दुपारी चार वाजता पडलं. ज्या संकेतस्थळावर ती तीन वर्षं गोष्टी लिहीत होती, ते त्याच संध्याकाळी सहाला कायमचं बंद होणार होतं. तिच्या एकसष्ट गोष्टी तिथंच होत्या. तरी बाईसाहेब निवांत चिंचा खात बसल्या होत्या.

"माझी यादी तयार आहे, आबा. एक प्रत कपाटात, एक दप्तरात, एक कोल्हापूरला मावशीकडे. लॅमिनेटसुद्धा केलीय!"

आबा, म्हणजे तिचे आजोबा, निवृत्त संगणकशास्त्रज्ञ. कुणी फार निश्चिंत दिसलं की त्यांना हटकून संशय येई. ते घरच्या यंत्रमानवाला म्हणाले, "ठकू, इंटरनेट बंद कर. आता या कागदावरून हिची 'खारीचं टपाल' ही गोष्ट वाच."

"कागदावर गोष्ट नाही," ठकू म्हणाली. "एकसष्ट दुवे आहेत."

"दुवा (पानाकडे नेणारा पत्ता) म्हणजे गोष्ट नव्हे गं," आबा स्वानंदीला म्हणाले. "मावशीचा पत्ता तीनदा लिहिलास, म्हणून तिची घरं तीन झाली का? घरच पाडलं, तर पत्ता घेऊन रस्त्यात उभी राहशील."

चिंच तोंडातच राहिली. डोळे भरले.

"रडतेस काय? दोन तास आहेत. ठकू, लाव इंटरनेट."

ठकूनं एकेक गोष्ट साध्या मजकुरात (कुठल्याही यंत्रावर उघडेल अशा अक्षरांच्या फाइलमध्ये) उतरवली. सोबत चित्रं, तारखा.

"वाचकांचे शेरेही घे," आबा म्हणाले.

"नको! त्यात तो निनाद लिहितो, खारीला वाचता येत नाही."

"त्याचा शेरा आधी घे. त्याच्याशी भांडूनच तू पुढच्या चार गोष्टी लिहिल्यास."

मग एक संच संगणकात, दुसरा सुट्या डिस्कवर, तिसरा मावशीच्या संगणकात. "सगळं एकाच कपाटात ठेवलं, तर एक उंदीर पुरतो," आबा म्हणाले. शेवटी इंटरनेट बंद करून स्वानंदीनं घरचे दोन्ही संच स्वतः उघडून पाहिले.

सहाला संकेतस्थळ कोरं झालं. सव्वासहाला मावशीचा फोन आला.

"सगळ्या उघडतात गं. तपासायला बसले आणि वाचतच राहिले. पण खारीचं शेवटचं पत्र पोचलं का?"

स्वानंदीनं नवी फाइल उघडली. वर नाव, गाव, तारीख घातली. पन्नास वर्षांनी कुणी उघडली तर कळायला हवं. मग लिहिलं : गोष्ट बासष्टावी.