मोजमाप घेणाऱ्याची सही

विषय : कॅम्पातील जुन्या चर्चची वारसा यादीत नोंद होण्याबाबत.
संदर्भ : माझा दि. ४ मार्चचा अर्ज.

उपरोक्त विषयी निवेदन असे, की हे चर्च धोकादायक ठरवून पाडण्याची नोटीस लागली होती आणि उत्तराला पंधरा दिवस होते. नगरपालिकेत मी चौतीस वर्षे नोटिसा टाइप केल्या. त्यांतून सुटायचे कसे, हे लोक मी निवृत्त झाल्यावर विचारू लागले. विनीत साळवे आला. पूर्वी तो माझ्याच खात्यात मोजणीला होता. चर्चला टेकून असलेल्या खोलीत तो आणि त्याची आई उमाबाई राहतात. चर्च गेले तर खोलीही जाणार.

इमारत दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीसाठी बांधलेली. काळा दगड, टोकदार कमानी, छताला सागवानी कैच्या, वर मंगलोरी कौले. घंटेचा मनोरा इतका ठेंगणा, की पुढच्या बांधकामाची मंजुरी आलीच नसावी. सैनिक गेले, निर्वासित सिंधी कुटुंबे आली, काही महिने आत चुली पेटल्या. एका कमानीवर अजून काजळी आहे. तपासणीच्या अहवालात ती 'आगीचे नुकसान' झाली होती, आणि पायाच्या रकान्यात 'माहिती उपलब्ध नाही'. एवढ्यावर इमारत पडणार होती.

दुपारी चारला आम्ही मोजायला गेलो. वीज नव्हती. खिडक्या गंजून बसलेल्या. वरच्या गोल खिडकीच्या लाल काचेतून येईल तेवढाच उजेड. चुना, मेण आणि वटवाघळांचा वास. विनीत वेदीमागच्या अंधारात शिरला, मी बाकावर वही उघडून बसलो. आमच्या खात्याची रीत अशी, की मोजणारा आकडा पुकारतो आणि लिहिणारा तो परत म्हणतो. परत म्हटल्याशिवाय मोजणारा पुढे सरकत नाही.

"सत्तावीस फूट चार," वेदीमागून आवाज आला.

मी परत म्हटले, लिहिले. मीटर सोडून हा फुटांत का शिरला, असे वाटले. पण जुन्या इमारतीत माणूस जुन्या वळणावर जातो.

कमान झाली, मनोरा झाला. भिंतीच्या जाडीला मी चुकून दोन फूट सहा म्हणालो.

"नाही... दोन फूट नऊ."

मी खोडून लिहिले. पान उलटले. आणि मग माझ्या पायाखालच्या फरशीतून,

"पाया... सव्वाचार फूट."

मी वाकून फरशीकडे पाहिले. थोड्या वेळाने पुन्हा, तितक्याच सबुरीने, "पाया... सव्वाचार..."

तो थांबला होता. माझ्यासाठी. अखेर चौतीस वर्षांच्या सवयीनेच मी आकडा परत म्हटला. खाली कोणीतरी कुदळ भिंतीला टेकवून ठेवल्यासारखे वाजले.

तेवढ्यात पुढच्या दारातून विनीत शिडी घेऊन आला. "सॉरी दिनाभाऊ, शेजारच्या फर्निचरवाल्याकडे गेलो होतो, मागच्या दाराने. त्या सिंधी साईंनी चहाशिवाय सोडलंच नाही. चला, टेप द्या."

टेप माझ्या पिशवीतच होती.

आम्ही सगळे पुन्हा मोजले. इंचाचाही फरक नव्हता. पाया तेवढा मोजता येईना. तिथे मी सव्वाचार लिहिले. कशावरून, असे विनीतने विचारले. लिहिणाऱ्याला ते विचारायचे नसते, असे मी म्हणालो.

आमच्या उत्तरावरून मुदतीत अभियंते आले, भिंतीलगत खड्डा घेतला. सव्वाचार फूट, खाली पक्का खडक. नोटीस मागे घेतली गेली. उमाबाईंनी बांधलेली गाठोडी सोडली आणि मला वाटीभर खीर दिली. किती तरी दिवसांनी गोड गोड लागले. मग त्यांना मी सगळे सांगितले.

"परत म्हणालात, बरं केलंत भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "मागे एकजण म्हणाले नव्हते."

त्यांचे पुढे काय झाले, हे मी विचारले नाही. निवृत्त माणसाने चौकशा वाढवू नयेत.

त्याच मोजमापांवर केलेल्या वारसा यादीच्या अर्जात मात्र त्रुटी निघाली आहे : 'मोजमाप घेणाऱ्याची सही नाही.' विनीत सही करायला तयार आहे. पण पाया त्याने मोजलेला नाही, आणि खोट्या सहीचा कागद मी कधी पुढे पाठवला नाही. म्हणून रविवारपासून अर्ज व पेन चर्चमधल्या पहिल्या बाकावर ठेवले आहेत. काल पेनाचे टोपण काढलेले होते. रकाना कोरा आहे.

अर्ज प्रलंबित आहे.