बिट्टीच्या उजव्या कानातली रेघ

माझ्या थापांना आमच्या घरात काडीचीही किंमत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ही थाप नाही. नातीच्या बाबतीत मी थापा मारत नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. भर दुपार. कानाच्या डॉक्टरांकडची तपासणीची खोली. माझ्या थापांतल्यासारखा अंधार नाही, वटवाघूळ नाही. भिंतीवर हत्तीचं चित्र आणि माझ्या लेकीच्या मांडीवर बिट्टी.

बिट्टी चार वर्षांची. हाक मारली तरी वळायची नाही.

"बाबा, मी समोर जाऊन उभी राहिले तरच तिला कळतं, आई आलीय," लेक म्हणायची. पार रडकुंडीला आली होती.

तपासणीवाल्या बाईंनी पेनाएवढी नळी बिट्टीच्या कानाशी धरली. तिच्यातून उजेड आत जातो आणि कानाच्या पडद्याचं चित्र स्क्रीनवर येतं. पडदा म्हणजे एक पांढरी रेघ. रेघेमागे काळं दिसलं तर हवा, करडं धुकं दिसलं तर पाणी.

डाव्या कानात थोडं धुकं.

उजव्यात धुकंच धुकं.

"आता कुणी बोलू नका हं," बाई म्हणाल्या. "आवाजानंही रेघ हलते."

आम्ही गप्प. त्यांनी पंखासुद्धा बंद केला.

रेघ थरथरली...

"काका, बोलू नका म्हटलं ना."

"अहो, तोंड मिटून बसलोय."

"आज खरंच गप्प आहेत ते," लेक म्हणाली. "मलाही नवल वाटतंय."

रेघ पुन्हा थरथरली. थांबली. मग पुन्हा... बोलताना माणूस दम घ्यायला थांबतो ना, अगदी तशी.

बिट्टी गालात हसली.

"हो," म्हणाली.

तिला कुणीच काही विचारलं नव्हतं.

बाईंनी डॉक्टरांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "आवंढा गिळला असेल पोरीनं. पाणी काढू, पडद्यात बारीक नळी बसवू. ऐकायला लागेल."

लेकीचा चेहरा उजळला. मला ते 'हो' खटकलं होतं, पण माझं कोण ऐकणार...

पाणी काढलं. बिट्टीला ऐकू येऊ लागलं. शेजारच्या खोलीतला गळका नळसुद्धा.

पण आईनं हाक मारली की ती जागीच थांबायची. मान उजवीकडे कलती करायची.

"जाऊ का?" हळूच विचारायची.

मग यायची.

पुन्हा तपासणीला गेलो. या वेळी ती उजेडाची नळी डॉक्टरांनी स्वतः धरली. रेघेमागे स्वच्छ काळं. पाण्याचा थेंब नाही. सगळे गप्प.

रेघ थरथरू लागली...

डॉक्टरांनी मशीन बंद करून पुन्हा लावली. नळी स्वतःच्या कानाशी धरली. रेघ शांत. बिट्टीच्या कानाशी धरली...

"पाणी तर नाही," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाले.

"मग काय आहे?" लेकीनं विचारलं.

ते नळी पुसू लागले.

घरी आल्यावर मी बिट्टीला जवळ घेतलं. "कोण बोलतं गं तुझ्याशी?"

तिनं मान कलती केली. "सांगू का?"

वाट पाहिली.

"ती नको म्हणते," बिट्टी म्हणाली.

आताशा परवानगी यायला वेळ लागतो. काल संध्याकाळी तर आलीच नाही. लेक दारात हात पसरून उभी होती, आणि बिट्टी तिच्याकडे बघत नुसती बसून राहिली.

हे लिहितोय तर आत लेक हाका मारतेय. आधी लाडानं... मग रागानं... आता आवाज फाटलाय तिचा.

बिट्टी माझ्या शेजारीच आहे.

तिला सगळं ऐकू येतंय.