धुक्यातली पाचवी

हे मी कुणालाही सांगायचं नव्हतं. चहाच्या दुकानात अया गोइतोमनी आम्हा सगळ्यांना टेबलावर हात ठेवायला लावले होते आणि पाचही जणांनी मान डोलावली होती. मीही. पण आज रविवार आहे, रिशान शर्यतीला गेली आहे आणि मी घरी बसले आहे. कागदावर लिहिलं तर ते सांगितल्यात जमा होत नाही, अशी मी स्वतःची समजूत घालते आहे.

रिशान माझी मोठी बहीण. एकोणीस वर्षांची. आजच्या सायकल शर्यतीत ती पहिल्या सहांत आली तर तिला संघात घेणार आहेत. त्यासाठी ती चार वर्षं पहाटे उठते आहे. तिच्या गुडघ्यांवर खरचटल्याच्या इतक्या खुणा आहेत की आई म्हणते, हिला सासर नाही, सडकच मिळणार.

गेल्या रविवारी आम्ही नेहमीसारखे आमच्या डोंगरावरच्या अस्मारा शहरातून घाटाखालच्या नेफासित गावी गेलो होतो. आम्ही म्हणजे पाच जण. पुढे अया गोइतोम, ज्यांना वयाच्या मानानं सगळे अया म्हणतात, ज्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि जे साठीतही चढावर कुणाला पुढे जाऊ देत नाहीत. त्यांच्या मागे हेनोक, जो फारसा बोलत नाही. मग कुब्रोम, जो हेनोकच्या वाट्याचंही बोलतो. मग रिशान. आणि सगळ्यांत शेवटी मी. मी विंता, पंधरा वर्षांची. मला फक्त रिशानमुळे घेतात.

आईनं नेफासितच्या मावशीसाठी तिखटाची पुडी दिली होती. ती माझ्या पाठीवरच्या पिशवीत होती. कुब्रोम म्हणाला, बरं झालं, तिखटाच्या वासानं तरी विंताच्या आवाजाला धार येईल.

त्याचं बोलणं आमच्या दोन रिवाजांवरून होतं. ते आधी सांगायला हवेत.

पहिला रिवाज रस्ता सांगण्याचा. फेरी संपली की शहराच्या कडेला जे चहाचं दुकान आहे तिथं सगळे बसतात आणि प्रत्येकानं त्या दिवशी रस्त्यात पाहिलेली एक गोष्ट सांगायची. रांगेत जो शेवटचा असेल त्यानं सुरुवात करायची. सगळ्यांचं सांगून होईपर्यंत कुणी घरी जायचं नाही. कुब्रोम एका बकरीवर अर्धा तास बोलतो. हेनोकनं एकदा डोंगरावरच्या मठाखाली साचलेले ढग असे सांगितले होते की मला ते अजून दिसतात. मी दर वेळी म्हणते, "माकडं पाहिली." आणि चहात तोंड लपवते.

दुसरा रिवाज मोजणीचा. थंडीच्या दिवसांत समुद्राकडून धुकं घाट चढून येतं. ते आलं की प्रत्येकानं पुढच्याचं मागचं चाक धरायचं. धरायचं म्हणजे त्याच्यावरून नजर हलवायची नाही. आणि प्रत्येक वळणावर पुढून मोजायचं. अया गोइतोम म्हणतात एक, हेनोक दोन, कुब्रोम तीन, रिशान चार, मी पाच. एखादा आकडा आला नाही तर सगळ्यांनी थांबायचं, पाय टेकायचे आणि तो माणूस येईपर्यंत हलायचं नाही. या नियमामुळे अया गोइतोमनी चाळीस वर्षांत एकही माणूस दरीत घालवलेला नाही. ते कधी कशाची बढाई मारत नाहीत, याची मात्र मारतात.

मावशीकडे पुडी दिली, तिनं जबरदस्तीनं खाऊ घातलेला हिंबाशा पावाचा तुकडा खाल्ला आणि आम्ही परत चढायला लागलो. साडेदहा वाजले असतील. अर्ध्या वाटेवरचं अर्बारोबा गाव येईपर्यंत ऊन होतं. गाव मागे पडलं आणि खालून धुकं आलं. आधी पाठीला गार लागलं. मग निवडुंग गेले, मग रेल्वेचा रूळ गेला, मग दरीच्या कडेचा दगडी कठडा गेला. ओल्या निलगिरीचा वास तेवढा राहिला आणि रिशानचं मागचं चाक. रस्ता भिजला होता. तिच्या चाकावरून चिखलाच्या पाण्याची चिळकांडी सरळ माझ्या तोंडावर येत होती. ती मला आवडते असं नाही, पण ती आहे तोवर रिशान आहे.

पहिल्या वळणावर मोजणी झाली. माझा पाच कुणाला ऐकू गेला नाही म्हणून तो दोनदा म्हणावा लागला. "जरा पोटातून, विंता," पुढून कुब्रोम ओरडला. "इथं बकऱ्यासुद्धा तुझ्यापेक्षा मोठ्यानं बोलतात."

दुसऱ्या वळणावर रिशान चार म्हणाली. मी श्वास घेतला. चढावर मला पटकन आवाज फुटत नाही. तेवढ्यात माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "पाच."

तो माझा आवाज होता.

फक्त तो दमलेला नव्हता. स्वच्छ होता आणि मोठा. मला स्वतःचा आवाज तसा असावा असं नेहमी वाटतं, तसा.

"अरे वा," कुब्रोम पुढून म्हणाला, "तिखट लागलं वाटतं."

मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. सहा म्हणायचं, नाहीतर थांबा म्हणायचं. पण मला वाटलं, गावातलं कुणीतरी पोर सायकलवरून मागे लागलं असेल आणि चेष्टा करत असेल. आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटली. वर्गातही असंच होतं. माझ्या आधी दुसऱ्या कुणी उत्तर दिलं की मी वर केलेला हात खाली घेते. मी हात खाली घेतला. मागे वळून पाहिलं नाही, कारण चाकावरून नजर हलवायची नसते.

किती वेळ गेला माहीत नाही. पायाखाली रस्ता चढत होता. कुठेतरी दगडावर पाणी ठिबकत होतं. मग माझ्या लक्षात आलं की माझा चेहरा कोरडा होत आला आहे. गालावरचा चिखल वाळून ताणला जात होता. रस्ता तर ओलाच होता. माझ्या स्वतःच्या टायरचा ओला आवाज येत होता. पण पुढचं चाक पाणी उडवत नव्हतं. काळं, कोरडं चाक माझ्यापासून हातभर अंतरावर फिरत होतं आणि त्याचा काही आवाज नव्हता.

मी नजर वर उचलू शकले असते. उचलली नाही.

वळण आलं. एक. दोन. तीन. सगळं फार लांबून. रिशानचा चार त्याहून थोडा जवळून. आणि मग अगदी माझ्या तोंडासमोरून, त्या चाकाच्या वरून, "पाच."

मी ब्रेक दाबला आणि पाय टेकला. चाक पुढे गेलं. धुक्यात शिरलं आणि मिटलं.

"रिशान..." मी म्हणाले. मग पुन्हा. माझी हाक माझ्याच कानाशी संपली.

वरून मोजणी ऐकू आली. एक, दोन, तीन, चार, पाच. पूर्ण. कुणी थांबलं नाही. कमी कुणी नव्हतंच, तर थांबणार कशाला?

पुढचा रस्ता मी सायकल हातात धरून चालले. एक हात कठड्यावर ठेवला होता. एके ठिकाणी, खालच्या रेल्वे पुलाच्या वर, हाताखाली कठडाच लागला नाही. तीन-चार दगड पडलेले होते. मी तिथून रांगत पुढे गेले आणि मग रडत, पण चालत राहिले. त्यात माझ्यासाठी फारशी भीती नव्हती. मला एवढंच दिसत होतं की ते जे काय आहे ते रिशानच्या चाकामागे आहे.

शहराच्या कडेला धुकं नेहमी एकदम संपतं. बाहेर ऊन होतं, बायका कपडे वाळत घालत होत्या. दुकानाच्या भिंतीला चार सायकली टेकवलेल्या होत्या. मी पाचवी टेकवली आणि आत गेले.

चौघं टेबलाशी बसले होते. पाच पेले होते. कुब्रोम हसत होता, पण मनापासून नव्हे, माणूस काय करावं कळत नसलं की हसतो तसा. अया गोइतोमनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "धुतलेस हात?"

मग त्यांनी पाहिलं. माझं तोंड चिखलानं भरलेलं होतं, गुडघे फुटलेले होते. कुब्रोमचं हसू गेलं. रिशान उठली, जवळ आली आणि माझ्या गालाला हात लावून पाहिला. मग दुसऱ्या गालाला.

"तू आत्ता मागे गेलीस ना..." ती म्हणाली.

मी म्हणाले, मी आत्ता येते आहे.

अया गोइतोम स्वतः मागच्या अंगणात गेले. तिथं हात धुवायचं पिंप आहे आणि तिन्ही बाजूंनी भिंत आहे, बाहेर जायला वाट नाही. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात साबणाची वडी होती. कोरडी. ती त्यांनी टेबलावर ठेवली, दुकानाचं दार लावून घेतलं आणि म्हणाले, "हात ठेवा." पाचव्या पेल्यातला चहा तसाच होता. साखर ढवळलेली होती.

माझ्या आधी माझ्या जागी जी बसली होती तिनं काय सांगितलं, ते मला रिशाननं सांगितलं नाही. चार रात्री मी विचारलं, चार रात्री ती भिंतीकडे वळून झोपली. शेवटी गुरुवारी शाळेतून येताना मी सायकलच्या दुकानात गेले. अया गोइतोम बाहेर गेले होते. कुब्रोम एका चाकाच्या तारा ताणत बसला होता. त्यानं मला पाहिल्या पाहिल्या आधी माझ्या पायांकडे पाहिलं. मी विचारलं तेव्हा त्यानं एकही विनोद केला नाही.

तो म्हणाला, रांगेत शेवटची म्हणून तूच सुरुवात केलीस. आणि इतकं छान बोललीस की आम्ही पेले खाली ठेवले. तू म्हणालीस, मी मागे पडले, मग मी रिशानला तीन हाका मारल्या. ती थांबली आणि माझ्यासाठी मागे वळली. उतारावर जोरात आली. पुलाच्या वर जिथं कठडा पडला आहे तिथं आधी तिचं चाक गेलं, मग ती. खालचे दगड ओले होते, फार सुंदर दिसत होते.

"हेनोक ढगांचं सांगतो ना, तसं सांगितलंस," कुब्रोम म्हणाला. "रिशान हसली. म्हणाली, वेडी, मी कधी मागे वळले?"

मग त्यानं हातातलं चाक खाली ठेवलं.

"मग तू तिच्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, म्हणजे आज नव्हतं का? आणि हात धुवायला गेलीस."

आजची शर्यत त्याच घाटानं वर येते.

मी रिशानला सांगितलं, जाऊ नकोस. ती म्हणाली, "निवडणाऱ्यांना काय सांगू? धुक्यात बहीण हाक मारते म्हणून आले नाही?" मग बिछान्यावर माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, हाक आली तरी वळणार नाही.

"माझी असली तरी?"

"तुझी असली तर मुळीच नाही." थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "पण तू खरंच तिथं असलीस तर, विंता? पडली असलीस तर?"

तिला मी ओळखते. ती वळली असती. म्हणून मी तिला वचन दिलं की रविवारी मी दिवसभर वरच्या खोलीत बसून राहीन, खिडकीतसुद्धा जाणार नाही. म्हणजे रस्त्यावर जी कुणी असेल ती मी नसेन, हे तिला पक्कं माहीत असेल. अया गोइतोमना तिनं हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पोरगी शहाणी आहे. सकाळी निघताना तिनं माझ्या कपाळाला कपाळ टेकवलं.

तेव्हापासून मी इथं बसले आहे. खाली आईनं रेडिओ लावला आहे. ती कॉफी भाजते आहे, धूर जिन्यावरून वर येतो आहे. मघाशी निवेदक म्हणाला, नेफासित मागे पडलं, मुलींच्या पुढच्या गटात रिशान आहे. आई आनंदानं काहीतरी बडबडली. मग निवेदक म्हणाला की अर्बारोबाच्या वर धुकं उतरलं आहे, गाडीतून सायकलस्वार दिसत नाहीत, थोडा वेळ संगीत ऐका. ते संगीत अजून चालू आहे. शर्यत बारा वाजता संपते. आत्ता पावणेअकरा झालेत.

खालून गल्लीतून रिशान मला हाक मारते आहे.

तिचाच आवाज आहे. मला बोलवते आहे, लवकर ये म्हणते आहे. कदाचित धुक्यामुळे शर्यत थांबवली असेल, तिला कुणी गाडीतून आणून सोडलं असेल. असं होऊ शकतं. पण खिडकीखाली फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू येते आहे, पायडल न मारता सायकल पळत असली की येते तशी. सायकल उभी राहिली की ती थांबते. ही थांबत नाही. जवळ येत नाही आणि लांबही जात नाही.

तिनं पुन्हा हाक मारली. ही दुसरी. आई जिन्याखालून म्हणते आहे, विंता, बहिरी झालीस का, बहीण केव्हाची हाका मारते आहे, जा, दार उघड. मी जायला नको, मला कळतं. पण ती खरीच रिशान असली, पडून-लागून आली असली आणि मी ओ दिली नाही, तर मी